वाढवलेला डोस

औषध खात्याच्या पत्राला निवृत्त डॉक्टरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. त्यांच्या पॅडवर लिहिलेल्या जहाल वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठ्यांवर सही तुमचीच का, एवढंच त्यात विचारलं होतं. सही मुलाने ठोकली होती. खरं लिहिलं, तर पोटचा पोरगा तुरुंगात जाणार होता.

"बाबा, 'सही माझीच' एवढं लिहून टाका की," मुलगा जेवता जेवता म्हणाला. "तुमच्या वयाच्या माणसाला कोण आत टाकतंय?"

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला.

"आणि हे काय आजचं आहे? आईच्या आजारपणापासून गोळ्या विकतोय. तेव्हा नाही कुणी विचारलं!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. शेवटी शेवटी ती उशी दातांत धरून कण्हायची. "अहो, गोळ्या लागूच पडत नाहीत हो," म्हणायची. ते प्रत्येक वेळी डोस वाढवून लिहून द्यायचे आणि मुलगा चिठ्ठी घेऊन धावत सुटायचा. किती कौतुक वाटायचं त्याचं!

"मग तिला काय देत होतास?"

"कॅल्शियमच्या. तशाच पांढऱ्या असतात." मुलाने बोटं चाटली. "नाहीतरी ती वाचणार होती थोडीच?"

डॉक्टरांना त्या बोटांची किळस आली.

 

त्याच संध्याकाळी उत्तर पोस्टात पडलं: 'या सह्या माझ्या मुलाच्या आहेत. माझ्या पत्नीच्या चिठ्ठ्यांवरच्या मात्र माझ्याच. त्या गोळ्या कुठे गेल्या, तेही त्याला विचारावं.'