मोटार शाहूपुरीत होती

माझ्या धाकट्या मुलीचं, महादेवीचं, लग्न झालं ते साल दोन हजार एक. त्या थंडीत मी कामाला होतो त्या हॉटेलचा पोहण्याचा तलाव बंद होता. पाणी सोडून दिलेलं, फरशी वाळून पांढरी पडलेली. पंपाची मोटार जळाली म्हणून वाइंडिंगला शाहूपुरीतल्या दुकानात गेली होती. मी आणि करीम मिस्त्री तळात उतरून जाळ्या तपासत होतो.

तळाच्या जाळीवर तळहात ठेवून पंपाची ओढ बघायची, ही करीमची पद्धत. सवयीनं त्यानं कोरड्या जाळीवरही हात ठेवला.

"मामा, ओढतंय की."

"मोटार शाहूपुरीत हाय. तुझी सासू ओढती व्हय?"

तो हसला. हात मात्र निघेना. मी कमरेला धरून त्याला मागं खेचलं, तेव्हा सुटला. बोटं दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती.

मग तो टाचा उचलून उभा राहिला. हनुवटी वर धरली.

"मामा, पाणी लई भराभर चढतंय."

तलावात थेंब नव्हता. काठावर मॅनेजर चहा पीत उभा होता.

"मिस्त्रीला पोहायला येत न्हाय व्हय?" म्हणून तो खदखदून हसला.

करीम गटांगळ्या खाल्ल्यासारखा ठसकायला लागला. मी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. त्यानं मोठा श्वास घेतला, खाली माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या डोक्यावरनं गेलं की, मामा."

करीम मुजावर त्याच दुपारी माझ्या खांद्यावर मेला. तारीख एकोणीस डिसेंबर.