जाळ्याचा पडदा

रविवारी क्लासला सुट्टी असली की कलीमसर कोळ्यांचे फोटो काढायला रानोमाळ हिंडत. लातुरात पोरांना जीवशास्त्र शिकवणारा माणूस, त्याला कोळ्याचं भय ते काय! पण आज भूकंपात भुईसपाट झालेल्या शबानाच्या माहेरगावात एक जाळं हातानं सारायला गेले, आणि मनगटाला कोळी चावला. बघता बघता हात कोपरापर्यंत सुजला.

शबानानं बाटलीतल्या पाण्यानं नवऱ्याचा हात धुतला, ओला रुमाल बांधला. "आवाज न देता आत शिरत होतात ना?"

"आत? इथं घर कुठं हाय?"

तिनं नुसतं बोट दाखवलं. मोकळ्या जागेत दाराएवढं जाळं उभं होतं. त्याला चौकट नव्हती, आसपास झाड नव्हतं, आधाराला काडीसुद्धा नव्हती. पलीकडे दुसरं, मग तिसरं. सकाळच्या उन्हात अख्खी गल्ली चमकत होती. सर ठणका विसरले, कॅमेराही विसरले.

शबानानं डोक्यावर पदर घेतला आणि भूकंपात गेलेल्या आईला हाक दिली, "अम्मी, जमाई आये हैं."

वाऱ्याची झुळूक नव्हती. तरी जाळं हळूच एका अंगाला सरकलं, आतून कुणी पडदा धरावा तसं. आणि तसंच धरलेलं राहिलं.