रिकामी मात्रा

संगणकावर ताल लिहिताना मी चौथी मात्रा मुद्दाम रिकामी सोडली. हेडफोनमध्ये तीन ठोके वाजले, आणि चौथ्याच्या जागी स्वयंपाकघरात गाजरं चिरणाऱ्या आत्याची सुरी फळीवर पडली.

मी रिकामी जागा दुसऱ्या मात्रेवर नेली. सुरीही तिथेच आली.

मग जागा निवडणं प्रोग्रामवरच सोपवलं; पुढची कुठली मात्रा गळणार, हे मलाही ठाऊक नव्हतं. सुरी एकदाही चुकली नाही.

"आत्या, तुला माझा ताल ऐकू येतोय?"

"मला कुठून? सगळं तुझ्याच कानात कोंबलंयस ना."

मी प्रोग्राम बंद केला.

सुरी चालूच राहिली. आता ती तीन ठोके देत होती आणि चौथ्याची जागा सोडत होती.

"हात थांबत नाहीये रे माझा," आत्या हळूच म्हणाली.

तेवढ्यात चौथी मात्रा आली, आणि टेबलावर माझं बोट आपटलं.