वीतभर कमी

केदारने फीत पुन्हा लावली. आकडा तोच आला. दाराशी खोली पुरी होती, मागच्या अंगाला वीतभर कमी.

"किती पेट्या लागतील, केदारराव?" सुगंधावहिनीने विचारलं. "फुलांचीच फरशी पायजे. चारी अंगाला वेलाची किनार. पोरीच्या हळदीला सगळी सातपाटी येल."

केदारचं बोईसरला फरश्यांचं दुकान. जावई सासुरवाडीला आला की पाटावर बसतो. हा गुडघ्यांवर बसून घाम पुसत होता. सासरे गेल्यावर या घराचे दोन भाग झाले. मधली भिंत धाकट्या भावेशने बांधून घेतली. थोरला विनोद, सुगंधाचा नवरा, अलीकडे राहिला आणि सासूबाई भावेशकडे, पलीकडे गेल्या. तेव्हापासून सुगंधा दिराच्या घरी चहालासुद्धा गेली नव्हती.

साधी फरशी असती तर त्या भिंतीचा वाकडेपणा कापाकापीत जिरला असता. फुलांच्या फरशीत तो लपत नाही. भिंतीलगतची शेवटची ओळ दाराशी अख्खी बसणार, मागे जाता जाता निम्मी होणार, मग पाव, मग नाहीशीच. कितीही पेट्या जास्त धरल्या तरी भावेशची चोरी उघडी पडणार. खरं सांगावं तर दोन भाऊ आजच एकमेकांच्या उरावर बसतील. खोटं सांगावं तर फरशी बसल्यावर बसतील, वर दुकानाचं नाव खराब. सरळ उठावं आणि घरी जावं, असं केदारला वाटलं. पण घरी या दोघांची बहीण होती.

"वहिनी, साधी पांढरी घ्या ना," तो म्हणाला. "फुलं हल्ली कोणी घालत नाही."

"मी घालणार हाय." सुगंधा त्याच्या हातातल्या आराखड्याच्या कागदावर वाकली. "आन् ह्या भितीला तुमी फुलं अर्धी का काढलीत?"

केदारने कागद घाईने दुमडला. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मागच्या कोपऱ्याकडे. मग तिचा चेहरा लाल झाला.

"अवं, इकडं या!" तिने ओट्यावर बसलेल्या विनोदला हाक मारली. "बगा भावाचे गुण! आमची जागा खाल्लीन त्यानं. आत्ताच्या आत्ता पाडा ही भित!"

विनोद आत आला. त्याने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. केदारने फीत गुंडाळायला घेतली. आता मेहुण्यांच्या मारामारीत मधे पडायचं कसं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

"हळू बोल," विनोद बायकोला म्हणाला. "भावेशला यातलं कायच ठाव नाय. आखायची दोरी मी तिरकी धरली. सरळ धरली असती तं पलीकडं आयची खाट बसत नव्हती."