आतड्याची तार

"बेटी, पुढच्या मैफलीत मला जुना आवाज हवाय. सारंगीला तीन ताती वळून दे. आता हे काम फक्त तुलाच येतं," सारंगीवादक बशारतखाँ जैबूनच्या दारात उभे राहून म्हणाले.

जैबूनचे अब्बा बकऱ्याच्या आतड्यापासून सारंगीच्या तारा, म्हणजे ताती, वळायचे. वीस वर्षांपूर्वी खाँसाहेबांनी भर मैफलीत त्या फेकून दिल्या आणि पोलादी तारा चढवल्या. बघता बघता सगळ्या मिरजेने तेच केलं. अब्बा रिकाम्या हातांनी झुरून झुरून वारले.

जैबूनने नकार दिला नाही. आठ दिवस खपून तिने जीव ओतून ताती वळल्या. मैफलीत सारंगी माणसासारखी रडली, ऐकणारेही रडले. त्या दिवसापासून खाँसाहेबांना पोलादी तारेचा आवाज सोसेना.

ताती दोन महिन्यांत तुटल्या. खाँसाहेब पुन्हा आले, या वेळी हात जोडून.

जैबून त्यांना परसात घेऊन गेली. त्यांच्यादेखत तिने ताती वळायचं अब्बांचं चाक पेटत्या चुलीत सारलं.

"हे काय केलंस, बेटी?"

"कधीच जाळलं असतं," ती म्हणाली. "आधी तो आवाज तुमच्या कानात बसायला हवा होता."