टेस्टची पंधरा मिनिटं

सुई निघाली तरी रंगाऱ्याने डोळे उघडले नव्हते.

"उघडा आता, भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "ही नुसती टेस्ट आहे. पंधरा मिनिटं हाताकडे बघत बसा. खाज सुटली, लाल झालं, तर लगेच सांगा. नाही झालं तर मोठं इंजेक्शन."

हातावर मुगाएवढा फुगवटा आला होता. सिस्टरनी त्याच्याभोवती पेनाने गोल काढला. रंगारी त्या गोलावर डोळे रोवून बसला. हा गडी दहाव्या मजल्याबाहेर दोरीला लटकून भिंती रंगवायचा आणि वर शीळ घालायचा. पण त्याचा मामा असल्याच इंजेक्शनने, दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या गेला होता. तेव्हापासून हा सुईपासून चार हात लांब राहायचा. पायात घुसलेल्या खिळ्याने सूज गुडघ्यापर्यंत चढवली नसती, तर तो इथली पायरी चढलाच नसता.

डॉक्टर वरच्या मजल्यावर एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होते. खोलीत हे दोघंच.

"घसा आवळल्यासारखा वाटतोय," तिसऱ्याच मिनिटाला तो म्हणाला.

"भीतीने आवळतो. एवढा धिप्पाड माणूस तुम्ही, काय हे!" सिस्टर हसल्या. "तोवर मी मोठं भरून ठेवते."

त्यांनी भुकटीच्या बाटलीत पाणी सोडलं, हात लांब धरून ती हलवली. औषध सिरिंजमध्ये ओढून हवा काढताना तोंड बाजूला केलं. तरी बारीक फवारा उडालाच. त्या खोकल्या. रंगाऱ्याचं लक्ष नव्हतं. तो घड्याळ बघायचा, हात बघायचा, मनातल्या मनात बायकोचा निरोप घ्यायचा.

दहा मिनिटं झाली. गोलात काही नाही. बारा झाली. फुगवटाही बसत आला.

"सिस्टर, वाचलो बहुतेक!"

त्याने मान वर केली.

सिस्टरचे ओठ सुजून उलटले होते. डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या, गळ्यावर लालभडक गांधी उठल्या होत्या. टेबल घट्ट धरून त्या श्वास ओढत होत्या आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. बघता बघता त्या खाली बसल्या.

मामा असाच बसला होता. रंगाऱ्याच्या अंगाला दरदरून घाम फुटला. "डॉक्टर! अहो, कुणी आहे का?" तो ओरडला. वरून कुणी ओ दिली नाही. सुजलेल्या पायाने जिना चढेपर्यंत इथे सगळं संपलं असतं.

सिस्टरनी ट्रेकडे बोट केलं. टेस्ट देताना, औषध बाधलंच तर द्यायच्या उताऱ्याची एक सिरिंज आधीच भरून ठेवलेली असते, लाल चिठ्ठी लावलेली. मग त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"मला नाही जमायचं हो!"

त्यांनी पुन्हा थाप मारली. ह्या वेळी हात अर्ध्यावरच गळला.

त्याने सिरिंज उचलली. कपड्यावरूनच त्याने सुई मांडीत खुपसली आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला. मग तो तिथेच फरशीवर बसून रडायला लागला.

हळूहळू शिट्टी कमी झाली. सिस्टरनी डोळे किलकिले केले. तेवढ्यात जिन्यावर डॉक्टरांची पावलं वाजली. सिस्टरनी रंगाऱ्याचं मनगट पकडलं.

"चक्कर आली म्हणा," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"चक्कर? अहो, तुम्हाला हे औषध चालत नाही! मरत होता तुम्ही!"

"सहा महिने झाले मला कळून," सिस्टर म्हणाल्या. "पण इथे इंजेक्शन देणारी मी एकटी, आणि घरात कमावणारीही मी एकटीच."