बेचाळीस दिवसांच्या आत

"जावई लिफ्टवाला, आणि आम्ही तीन जिने चढून आलो," सासूबाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या. मांडीवर तीन महिन्यांची नात झोपली होती. "ह्यांना दाखवा तुमची बंद लिफ्ट. हातासरशी दुरुस्त करून देतील."

टेबलापलीकडची विद्यापीठातली संशोधक मुलगी हसली. जावई हसला नाही. तो कामावरून तसाच आला होता. नखांत ग्रीस होतं, म्हणून त्याने हात टेबलाखाली ठेवले होते.

"दादा, आधी सगळं सांगते," मुलीने फॉर्म पुढे ओढला. "बाळंतपणात किंवा नंतर गेलेल्या बायकांचा हा अभ्यास आहे. घरच्यांना विचारून आम्ही फॉर्म भरतो. प्रत्येक फॉर्म समितीपुढे जातो. मग प्रसूतिगृहाला उत्तर द्यावं लागतं."

"द्यावंच लागतं?"

"द्यावंच लागतं. एका ठिकाणी बाळंतिणींना लगोलग घरी पाठवायचे. ते अशाच एका फॉर्ममुळे बंद झालं."

"आमच्या पोरीला दुसऱ्याच दिवशी घालवलं," सासूबाई म्हणाल्या. "अंगात ताप होता, तरी म्हणे खाट रिकामी करा. आता धाकटीचं नावही तिथेच घातलंय. आठवा लागलाय तिला. जवळपास दुसरं आहे कुठे?"

मुलीने मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. "एकच अट आहे. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत गेलेली बाईच ह्यात घेता येते."

जावयाने वर पाहिलं. "आणि पुढे गेली तर?"

"मग ह्या अभ्यासात बसत नाही."

"हे बेचाळीस कुणी ठरवलं?"

"सगळीकडे तेच धरतात, दादा. कुठेतरी रेघ मारावी लागते."

"ताप काय रेघ बघून येतो, मॅडम?"

मुलीने फॉर्म सरळ करून ठेवला.

त्याची बायको चव्वेचाळिसाव्या दिवशी गेली होती. दाखला खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला.

मोठ्या हॉस्पिटलात तिला महिनाभर ठेवलं होतं. जंतुसंसर्ग आहे म्हणून बाळाला आत नेऊ देत नव्हते. त्रेचाळिसाव्या दिवशी एका नर्सला दया आली. तिने सासूबाईंना बाळ घेऊन आत सोडलं. बायकोला हात उचलवत नव्हता, म्हणून सासूबाईंनी बाळाचं डोकं तिच्या नाकाशी धरलं. तिने वास घेतला. मग बाळाचा भार छातीवर जाणवला तशी म्हणाली, "किती जड झाली गं." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

"मृत्यूचा दाखला आणलाय ना?" मुलीने विचारलं.

"नसला तर?"

"तर घरच्यांच्या शब्दावर लिहितो. घरचे कशाला खोटं सांगतील?"

घरातून निघताना सासूबाईंनीच दोनदा विचारलं होतं, दाखला घेतलात ना. आता त्यांनी जावयाच्या खिशाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"घरी राहिला," तो म्हणाला.

"हरकत नाही. कितव्या दिवशी गेल्या?"

बाहेरच्या जिन्यावरून कुणीतरी बोलत खाली उतरलं.

"एक्केचाळिसाव्या."

"सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी." एवढं तरी खरं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. ताप कधी चढला? थंडी वाजायची का? प्रसूतिगृहात परत दाखवलं का? तीनदा दाखवलं. काय म्हणाले? दूध साठल्याचा ताप आहे, उतरेल. तो भराभर सांगत गेला. पेन मागे पडायचं, तेव्हा तो थांबायचा, पण त्याचे ओठ हलतच राहायचे. कुठल्या बाकावर बसवलं, कोण काय म्हणालं, कुणी वर मान करूनही पाहिलं नाही, सगळं त्याला तोंडपाठ होतं. ह्यातलं काहीच बनवून सांगावं लागत नव्हतं.

मुलीने शेवटचं पान उलटलं. तिचा आवाज जरा खाली आला.

"मावशी, हे तुम्हाला विचारते. हॉस्पिटलात नेल्यापासून त्या जाईपर्यंत, बाळाची आणि आईची एकदा तरी भेट झाली का?"

जावयाने मान खाली घातली. भेट त्रेचाळिसाव्या दिवशीची; फॉर्मवर ती एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळीच गेली होती.

मुलीने पेन उचलून धरलं होतं. मग सासूबाईंनी नातीची टोपी खाली ओढली आणि तिचे दोन्ही कान नीट झाकले.

"नाही," त्या म्हणाल्या. "भेट झालीच नाही."